कोण कोणाला धरून आहे

आमचे घरमालक कोणाच्याही घरात शिरले की आधी वर बघायचे, मग खाली, आणि मग वेळ उरला तर घरातल्या माणसांकडे. एकदा मी त्यांच्याबरोबर आणि काकूंबरोबर डहाणूला एका साखरपुड्याला गेले होते. मुलीचे वडील हात जोडून पुढे आले, तर यांची नजर त्यांच्या डोक्यावरून मागच्या ओसरीकडे. "ती तुळई कशावर टेकलीय?" हे त्यांचं पहिलं वाक्य. बिचारे वडील मागे वळून तुळई शोधायला लागले. काकू माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "तुळई नीट निघू दे म्हणजे झालं. नाहीतर हे मला न जेवता उठवतात."

तळासरीत लहानथोर त्यांना मिस्त्री म्हणत. मीही मिस्त्रीच म्हणायचे. पासष्टीच्या पुढचे, उंच, जरासे वाकलेले. सदऱ्याच्या खिशाला इतरांचं पेन असतं तसा त्यांच्या खिशात ओळंबा असायचा, भिंत सरळ आहे की नाही ते बघायचा पितळी लोलक. त्याची दोरी बाहेर लोंबत असायची. चौथीनंतर शाळा सुटली आणि हातात थापी आली ती कायमची. डहाणूच्या चिकूच्या वाड्यांमधले बंगले, तळासरीतली दुकानं, सीमेपलीकडच्या गुजरातेतली घरं, सगळीकडे त्यांचा हात लागलेला. बोलणं मराठीच, पण मधूनमधून गुजराती वळणाचं 'बराबर' आणि 'चालसे' पेरलेलं.

मी नाशिककडची. जिल्हा परिषदेच्या शाळेवर नेमणूक झाली आणि वेवजीच्या बाजूच्या एका पाड्यावर रुजू झाले. राहायला मिस्त्रींची मागची खोली मिळाली. सामान टेम्पोतून उतरत होतं, तेव्हा ते दारात येऊन उभे राहिले.

"हे कपाट कुठं ठेवणार?"

"त्या कोपऱ्यात."

"भार कुठं जातो?"

मला वाटलं, भाड्याविषयी काही तरी बोलतायत. मी म्हटलं, "कसला भार?"

"कपाटाचा. तुमच्या पुस्तकांचा. कुठं तरी जाणारच ना? इथं फरशीखाली भराव आहे, तिथं पक्कं जोतं आहे. तिथं ठेवा. दोन वर्षांनी तुम्हीच म्हणाल, मिस्त्री बराबर बोलला."

त्यांनी स्वतः कपाटाची एक बाजू धरली आणि ते हलवून घेतलं. तेव्हापासून मी 'कपाटवाल्या बाई' झाले. कारण माणसांची नावं त्यांच्या ध्यानात राहत नसत, घरं राहत. सख्खा भाचा म्हणजे 'तो गळक्या गच्चीचा'. ओळखीचे डॉक्टर म्हणजे 'आतल्या जिन्याचे'. काकू म्हणायच्या, "मला काय म्हणतात ते विचारू नका."

भार कुठे जातो, हा प्रश्न ते दिवसातून वीस वेळा विचारायचे आणि ज्याला हे कळलं त्याला बांधकामातलं बाकीचं शिकवावं लागत नाही असं त्यांचं ठाम मत होतं. छपराचा भार वाशांवर, वाशांचा भिंतीवर, भिंतीचा पायावर, पायाचा जमिनीवर. वाट अखंड पाहिजे, मध्ये कुठे तुटली की घर गेलं. कामावर नवीन माणूस घ्यायचा झाला तर त्याच्या हातात वीट द्यायची आणि विचारायचं, "हिचा भार कुठं गेला?" बहुतेक जण म्हणत, "हातात." ते म्हणत, "मग?" "खांद्यात." "मग?" जो जमिनीपर्यंत पोचेल तो कामावर.

देवली म्हणून एक बाई होती, आमच्या शाळेच्या पाड्यावरची. दुसऱ्या एकाच्या कामावर डोक्यावरून विटा, रेती वाहायची. तिच्या डोक्यावर पाटी होती तेव्हाच मिस्त्रींनी तिला हा प्रश्न विचारला. ती म्हणाली, "डाव्या टाचेत जातो, मिस्त्री. सांजच्याला तीच दुखते." मिस्त्री त्यावर खूप वेळ हसले आणि तिला दुसऱ्या दिवसापासून कामावर यायला सांगितलं.

चारोटीच्या नाक्यावर त्यांच्याबरोबर चहा प्यायचा म्हणजे तीन टपऱ्या बदलाव्या लागायच्या. एकीच्या पत्र्याला टेकू नाही, दुसरीचा टेकू कशालाच टेकलेला नाही. तिसरीत बसल्यावर ते टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी सारून मगच चहा मागवायचे. हॉटेलवाले त्यांना ओळखून होते. कोणी चिडत नसे. चिडून उपयोग नव्हता.

माझ्याविषयी त्यांची एक तक्रार होती. मी संध्याकाळी दुसऱ्या दिवशीचे पाठ मोठ्याने वाचून काढायचे आणि मधली भिंत चार इंची. एकदा ते दाराशी येऊन म्हणाले, "बाई, पाण्याचे नऊ उपयोग, हवेचे सात गुणधर्म, मातीचे पाच प्रकार. एवढं सगळं पोरं कुठं अडकवणार? खुंटी कुठाय?"

मी म्हटलं, "पुस्तकात असंच दिलंय."

"दिलं असेल. खुंटी नसली की कपडे जमिनीवर पडतात. पोरांचा दोष नाय."

मला राग आला होता. दिवसभर पाड्यावर शिकवून, जीपमध्ये अंग चोरून बसून घरी यायचं आणि वर चौथी शिकलेल्या माणसाकडून हे ऐकायचं. पण दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर मातीचे पाच प्रकार लिहीत असताना माझा मलाच कंटाळा आला, हे खरं.

माझ्या तिसऱ्या वर्षी जमीन हलायला लागली.

आधी वाटलं, कुठे तरी सुरुंग लावतायत. लांबून गडगडल्यासारखा आवाज यायचा, मग हिसका बसायचा आणि मांडणीवरची भांडी वाजायची. दोन-तीन सेकंदांचा खेळ. पण कधी आठवड्यातून एकदा, कधी एका दिवसात चार वेळा. लोक अंगणात ताडपत्र्या बांधून राहू लागले. कोणी म्हणे जमिनीखाली पाणी उकळतंय, कोणी म्हणे समुद्र आतून सरकत आलाय. आमच्या शाळेच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली. शाळा बंद करून मी समोर मांडवाखाली वर्ग भरवू लागले. पटावर तेवीस मुलं होती, यायची आठ-नऊ. आया म्हणत, "बाई, पोर डोळ्यासमोर असलेलं बरं." त्यांना काय सांगणार? मीही दार उघडं ठेवून झोपत होते.

मिस्त्रींना मात्र वेगळाच धक्का बसला. वेवजीच्या रस्त्यावर एका शेतकऱ्याचं विटांचं घर होतं, मिस्त्रींनी बांधलेलं. आपल्या हातचं सर्वात चांगलं काम म्हणून ते पाहुण्यांना मुद्दाम ते दाखवायला न्यायचे. त्या घराचा एक कोपरा उघडला. माणसं अंगणात होती म्हणून वाचली. मिस्त्री बघायला गेले, मी बरोबर होते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग थेट छतापर्यंत गेली होती आणि कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींपासून अशा सुटल्या होत्या की मधून हात जावा. मिस्त्रींनी ओळंबा सोडून पाहिला. भिंत अजूनही ओळंब्यात होती. त्यांनी फटीत हात घातला आणि तसेच उभे राहिले. तो शेतकरी उलट त्यांचीच समजूत घालत होता, "जाऊ दे मिस्त्री, जमीनच अशी वागली तर तुम्ही काय करणार."

घरी आल्यावर त्यांनी ओळंबा दाराच्या चौकटीला टांगून ठेवला आणि काम बंद केलं. माणसं बोलवायला येत, ते काकूंना सांगत, "नाय म्हणून सांग." जेवायला बसले की वर बघत नसत. काकू मला म्हणाल्या, "बाई, तुम्ही काही तरी बोला त्यांच्याशी. मला या माणसाची अशी सवय नाही."

मी बोलायला गेले तेव्हा ते ओसरीवर बसून त्या ओळंब्याकडे बघत होते.

"भार खाली जात होता, बाई. बराबर जात होता. तरी भिंत का फाटली?"

मी म्हटलं, "मिस्त्री, भूकंपात जमीन बाजूला सरकते. उभी बस अचानक सुटली की उभी माणसं कशी मागे पडतात, तसं."

"सगळी पडतात?"

"ज्याने दांडा धरलाय तो नाही पडत."

ते माझ्याकडे वळले. "मग भिंतीनं काय धरायचं?"

तो प्रश्न घेऊनच ते जेवायला उठले. त्या दिवशी त्यांनी भाजी परत मागून घेतली, असं काकूंनी मला नंतर सांगितलं.

पुढे शाळेच्या कामाला मंजुरी आली. एक खोली पाडून त्याच जागी भूकंपाला टिकेल अशी नवी बांधायची. तालुक्याहून एक तरुण इंजिनिअर आले. मिस्त्रींएवढा जुना माणूस जवळपास नाही म्हणून त्यांच्याकडे आले आणि त्यांच्या हातात नकाशा आणि एक छापील कागद ठेवला. कागदावर चौदा सूचना होत्या. पट्टे इतक्या उंचीवर, सळया इतक्या जाडीच्या, दार कोपऱ्यापासून इतकं लांब, दोन खिडक्यांमध्ये इतकी भिंत.

मिस्त्रींनी कागद मला मोठ्याने वाचायला लावला. दोनदा. मग इंजिनिअर साहेबांना म्हणाले, "यात चौदा कामं सांगितलीत. कारण एकही नाय."

"काका, सगळं आयतं दिलंय. जसं लिहिलंय तसं बांधा."

"न समजता चौदा बांधीन हो. पण पंधरावी अडचण आली की काय करू? तिथं कागद बोलणार नाय."

साहेब स्वभावाने चांगले होते. हसले आणि म्हणाले, "बरं, समजलं की मला फोन करा. पण लवकर समजू द्या."

चार दिवस मिस्त्री तो कागद खिशात घालून हिंडत होते. कोणाच्या पडक्या भिंतीपाशी उभे राहायचे, कागद काढायचे, परत ठेवायचे. काकू म्हणाल्या, "आता देव्हाऱ्यात ठेवतील तो कागद."

पाचव्या दिवशी मी देवलीच्या घरी निघाले होते. तिची मुलगी महिनाभर शाळेत आली नव्हती. मिस्त्री म्हणाले, "मी पण येतो." देवलीचं घर जुन्या पद्धतीचं होतं. जमिनीत पुरलेल्या दुबेळक्याच्या मेढी, म्हणजे वर दोन फाटे असलेले खांब, त्या बेळक्यात बसवलेलं आडं, म्हणजे छपराची आडवी तुळई, आड्यावर वासे आणि भिंतींच्या जागी कारवीच्या काटक्यांचे शेणामातीने सारवलेले कुड. आजूबाजूच्या दोन विटांच्या घरांना भेगा होत्या. या घराचा फक्त सारवणाचा पापुद्रा एका जागी निघाला होता.

"तुझ्या घराला काय झालं नाय?" मिस्त्रींनी विचारलं.

"करकरतं. डुलतं. परत उभं राहतं," देवली म्हणाली. "मडकी खाली उतरवून ठेवली, बस."

मिस्त्री आत गेले. सवयीप्रमाणे वर बघितलं, पण यावेळी खाली बघायचं विसरले. वाशाला हात लावून म्हणाले, "ही दोरी कशाला?"

"वासा आड्याला धरून राहायला."

"आणि आडं?"

"बेळक्यात बसलंय. वरून बांधलंय."

"कुड?"

"कुड मेढीला बांधलाय, कुडाला कुड बांधलाय. मिस्त्री, सगळं बांधलेलंच असतं. नायतर वाऱ्यात उडून नाय जाणार?"

मिस्त्री खाली जमिनीवरच बसले. खिशातून कागद काढून माझ्यापुढे धरला. "बाई, वाचा. एकेक करून."

"एक. जोत्यावर, खिडकीखाली आणि दारावर असे घराला चहूबाजूंनी काँक्रीटचे सलग पट्टे."

त्यांनी वाशाची दोरी दाखवली. "ही. भिंतीला भिंत बांधायची. पुढं."

"दोन. प्रत्येक कोपऱ्यात पायापासून वरपर्यंत उभी सळई."

"मेढ. पुढं."

"तीन. दारं-खिडक्या कोपऱ्याजवळ नकोत."

इथे ते अडले. कपाळावर बोट धरून बसले. देवली चुलीपाशी होती, तिथून म्हणाली, "टोपलीच्या कडेला भोक पाडलं की टोपली उसवायला लागते. मधल्या भोकानं तेवढं होत नाय."

"बराबर," मिस्त्री म्हणाले. आवाज चढला होता. "जिथं दोन भिंती एकमेकींना धरतात तिथंच भोक पाडलं, तर धरणार कशानं? पुढं वाचा."

मी वाचत गेले आणि ते सांगत गेले. छत हलकं का, पत्रे हुकाने का आवळायचे, विटा एकाआड एक सांधे चुकवून का रचायच्या. सातवी सूचना वाचल्यावर मला पुढच्या न वाचताच कळायला लागल्या. अकरावीचं उत्तर देवलीच्या मुलीने दिलं. चौदावी संपली तेव्हा मिस्त्री उठले आणि त्यांनी त्या मेढीवर दोनदा थाप मारली.

"चौदा नायत, बाई. एकच आहे. भार कुठं जातो ते मी आयुष्यभर विचारलं, ते बराबरच होतं. पण ते निम्मं होतं. दुसरं विचारायचं राहिलं. कोण कोणाला धरून आहे?"

परत येताना ते भराभरा चालत होते, मला पळावं लागत होतं. रस्त्यातच थांबून त्यांनी इंजिनिअर साहेबांना फोन लावला. "साहेब, समजलं. आणि तुमच्या कागदात एक राहिलंय. शाळेतलं लोखंडी कपाट. ते कोणालाच धरून नाय. पोरांच्या अंगावर यायचं. ते भिंतीला पट्टीनं आवळायला पाहिजे. पाण्याची टाकी पण."

फोनचा आवाज मोठा होता, पलीकडचं मलाही ऐकू येत होतं. साहेब म्हणाले, "काका, ते दुसऱ्या पानावर आहे. ते पान तुम्हाला द्यायचं माझ्याकडून राहून गेलं."

मिस्त्रींनी फोन खिशात ठेवला. "कपाटवाल्या बाई," ते म्हणाले, "न बघितलेलं पान आपण वाचलं." इतका आनंदी माणूस मी त्याआधी त्या रस्त्यावर पाहिला नव्हता.

त्यांनी कामाला सुरुवात करण्याआधी एक अट घातली. पाड्यावरच्या प्रत्येक घरातलं एक तरी माणूस मांडवाखाली यायला पाहिजे. लोक आले, संशयानेच आले. मिस्त्रींनी वर्गातलं टेबल मधे ठेवलं आणि त्यावर विटांची दोन छोटी घरं रचली. एक नुसतं रचलेलं, दुसरं तसंच, पण तीन जागी सुतळीने चहूबाजूंनी करकचून बांधलेलं. मग मुलांना सांगितलं, "हलवा टेबल." मुलांना एवढंच पाहिजे होतं. पहिलं घर दुसऱ्या हिसक्याला खाली आलं. दुसरं सरकलं, थरथरलं, पण उभं राहिलं. म्हातारे पुढे सरकून बसले. एकाने उठून स्वतः टेबल हलवून पाहिलं.

"आता आपापल्या घरी जा," मिस्त्री म्हणाले, "आणि बघा, कोण कोणाला धरून नाय. उद्या मला सांगा."

दुसऱ्या दिवशी मांडवाखाली पाय ठेवायला जागा नव्हती. एकाच्या पत्र्यावर नुसते दगड ठेवलेले होते, एकाची पडवी मूळ घरापासून सुटी होती, एका आजीने सांगितलं की तिच्या उशाशी भिंतीत बसवलेली फळी फक्त तिच्या नशिबाला धरून आहे. लोक हसत होते. कित्येक महिन्यांनी मी त्यांना भूकंपावर बोलताना हसलेलं पाहिलं. समुद्र आतून सरकतोय की पाणी उकळतंय, हे कोणी विचारलं नाही.

त्या आठवड्यात मीही माझी वही काढली आणि पाण्याचे नऊ उपयोग एकापुढे एक लिहून त्यांच्याकडे मिस्त्रींसारखी बघत बसले. तासाभराने माझ्या लक्षात आलं की नऊपैकी सहा एकाच गोष्टीतून निघतात, पाणी बऱ्याच वस्तूंना आपल्यात विरघळवून घेतं. मुलांपुढे मी तेवढंच ठेवलं, मीठ आणि साखर दिली आणि उपयोग त्यांच्याकडूनच काढून घेतले. त्यांनी अकरा काढले.

खोलीचं काम दारावरच्या पट्ट्यापर्यंत आलं. त्या दिवशी मिस्त्री काकूंचे डोळे दाखवायला कासा गावच्या दवाखान्यात गेले होते. काम त्यांच्या हाताखालच्या गवंड्यावर सोपवलं होतं. सळया बांधून तयार होत्या, काँक्रीटचा माल कालवला होता. मी मांडवाखाली शिकवत होते, तेवढ्यात आरडाओरडा ऐकू आला. जाऊन बघते तर देवली भिंतीवर चढून कोपऱ्यात बसलेली आणि गवंडी खालून तिच्यावर ओरडतोय.

"काय झालं?"

"बाई, हिला उतरवा. माल सुकतोय. उद्या साहेबांना काय सांगू?"

"सुकू दे," देवली वरून म्हणाली. "इथं धरलेलं नाय."

"काय धरलेलं नाय? सळया टाकल्यात की."

"या भिंतीची सळई इथं संपली. त्या भिंतीची तिथं संपली. कोपऱ्यात वळली कुठं? हिनं तिला धरलं कुठं? वरून माल टाकला की दिसणार पण नाय."

गवंडी माझ्याकडे बघून म्हणाला, "पाट्या वाहणारी बाई आता मला सळई शिकवणार." मग तिला, "तुला नकाशा वाचता येतो का?"

"नाय येत," देवली म्हणाली आणि मांडी घालून नीट बसली.

मी वर चढून पाहिलं. दोन्ही सळयांची टोकं कोपऱ्यात एकमेकींपासून वीतभर अंतरावर थांबली होती. नकाशा काढून बघितला, त्यात त्या वळवून दुसऱ्या भिंतीत नेलेल्या होत्या. पण खरं सांगायचं तर नकाशा बघण्याआधीच मला उत्तर कळलं होतं. मी गवंड्याला म्हटलं, "मिस्त्री येईपर्यंत थांबू या." तो थापी टाकून विडी ओढायला गेला. देवली चार तास उन्हात त्या भिंतीवर बसून होती. तिच्या मुलीने तिला पाणी नेऊन दिलं.

मिस्त्री जीपमधून उतरले ते काकूंना तिथेच सावलीत बसवून सरळ शिडीवर. त्यांनी दोन्ही टोकांना हात लावला. माल सुकून दगड झाला होता, तो बघितला. गवंड्याचा चेहरा उतरला होता.

"ही माझी चूक," मिस्त्री म्हणाले. "सकाळी निघताना कोपरे बघून जायला पाहिजे होते." मग गवंड्याला म्हणाले, "तुझा हात चांगला आहे, म्हणून तुला ठेवलाय. पण आजपासून कोपरा हिला दाखवल्याशिवाय माल ओतायचा नाय. मी असलो तरी."

देवली उतरली. पाय आखडले होते, म्हणून शिडीवर थोडी अडखळली. मिस्त्रींनी खालून शिडी धरली होती. गवंड्याने दुसऱ्या दिवशी सळया वळवल्या आणि प्रत्येक कोपऱ्याला, कोणी न सांगता, तिला हाक मारली.

शाळा नव्या खोलीत भरायला लागली, तरी मुलं बारा-तेराच्या वर जाईनात. हसणं वेगळं आणि पोर चार भिंतींत बसवणं वेगळं. आणि मग एका सकाळी, भाताची कापणी चालू असताना, तोवरचा मोठ्यातला मोठा धक्का बसला. आम्ही वर्गात होतो. आवाज आधी आला. मुलं सरावाप्रमाणे डोक्यावर दप्तर धरून खाली वाकली. पत्रे खडखडले, खडूंचा डबा पडला, आणि मला ती खोली एका अंगाने, सगळीच्या सगळी, हलल्याची जाणीव झाली. मग थांबलं. मी मुलांना रांगेने बाहेर काढलं आणि मैदानात हजेरी घेतली.

शेतातून आई-बाप विळे हातात घेऊन धावत आले. मला वाटलं, झालं, आता सगळे पोरांना घेऊन जाणार आणि परत पाठवणार नाहीत. देवली पोचली, तिने मुलीच्या पाठीवरून हात फिरवला आणि ती सरळ खोलीकडे गेली. तिच्यामागून बाकीचे. मी दारात उभी राहून बघत राहिले. ते कोपऱ्याकोपऱ्यात गेले. पट्ट्यावरून बोटं फिरवत सगळ्या भिंती फिरून आले. एक जण पत्र्याचे हूक हलवून बघत होता, दोघं कपाटाला धक्का देत होते. "इथं केसाएवढी भेग गेलीय," कोणी तरी म्हणालं. दुसऱ्याने नखाने खरवडून बघितलं, "गिलाव्याचीच आहे, वीट धरून आहे." त्यांची आपसात चर्चा चालली होती आणि मला त्यात कोणी घेतलं नाही. मग ते बाहेर आले. देवलीने मुलीला दप्तर दिलं.

"जा बस," ती म्हणाली. "आमची कापणी राहिलीय."

एकानेही मूल घरी नेलं नाही. उलट थोड्या वेळाने दोघी जणी आपापल्या घरात ठेवलेली धाकटी पोरं घेऊन आल्या आणि दारातून आत सोडून गेल्या.

मिस्त्री तासाभराने आले. चारोटीहून जी जीप मिळाली तिच्या मागे लटकून. धापा टाकत त्यांनी मला विचारलं, "लोक काय म्हणाले? मला बोलवायला कोणाला पाठवलं नाय?"

"नाही पाठवलं. त्यांनीच बघितलं. कोपरे बघितले, पट्टे बघितले, कपाट हलवून बघितलं आणि कापणीला निघून गेले."

"मला कोणी काही विचारलंच नाय?"

"नाही."

ते आत डोकावले. वर्ग भरलेला होता. मुलं मला सोडून त्यांच्याकडे बघू लागली. मिस्त्री तसेच मागे सरले आणि पायरीवर जाऊन बसले. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की खिचडी वाढणाऱ्या बाईंनी न विचारता त्यांच्या हातात ताटली दिली. ते शेतांकडे बघत खात होते. तिथे विळे चालू होते आणि कोणीही मान वर करून शाळेकडे बघत नव्हतं.

"वाढा अजून," ते बाईंना म्हणाले.